ताप उतरला, थकवा राहिला : भंडारा जिल्ह्यातल्या एका शेतमजूर महिलेचं प्रकरण

रुग्ण महिला, वय ३८ वर्षे, शिक्षण सातवीपर्यंत. घरची दीड एकर धानाची शेती, बाकी मजुरी. गाव वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण भागात. गावाच्या एका अंगाला मामा (माजी मालगुजारी) तलाव, दुसऱ्या अंगाला महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली जमीन. आधी मोठा आजार नाही. दोन बाळंतपणं, दोन्ही सुखरूप. तक्रार अशी की सप्टेंबरात आलेला ताप बरा झाला, पण सहा महिने उलटून गेले तरी अंगात काम करण्याची ताकद आलेली नाही.

ओळख पटू नये म्हणून नाव, गाव आणि काही तपशील वगळले आहेत. मी त्यांना ओपीडीत ताई म्हणत असे, इथेही तेच म्हणते. हे प्रकरण लिहू का, असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लिहा मॅडम. दुसरीले तरी कोनी खोटी म्हननार नाही.”

आधी तापाबद्दल. पोळा झाल्यावर शेळ्यांसाठी धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं) गवत कापायला ताई रोज जात होत्या. एके दिवशी हुडहुडी भरून ताप आला, डोकं ठणकू लागलं, अंग मोडून आलं. गावातल्या डॉक्टरांकडून दोन सुया झाल्या. तालुक्याला रक्त तपासलं. मलेरिया नाही, डेंग्यूही नाही. ताप मात्र उतरेना. आठव्या दिवशी त्यांना दवाखान्यात भरती केलं तेव्हा प्लेटलेट ७८ हजारांवर आल्या होत्या आणि लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली होती. निदान जुळलं ते एका सिस्टरमुळे. कपडे बदलून देताना परकराच्या नाडीखाली, कमरेच्या उजव्या बाजूला, तिला एक काळी खपली दिसली. बिडीचा चटका लागावा तशी गोल, कडेला लालसर, दुखत नव्हती की खाजत नव्हती. त्यामुळे ताईंनी ती कुणाला दाखवलीच नव्हती, आणि बाईच्या कमरेवरचं लुगडं सरकवून कुणी पाहिलंही नव्हतं.

ही खपली म्हणजे स्क्रब टायफसची खूण. ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूमुळे हा आजार होतो. उंदीर-घुशींच्या अंगावर आणि गवता-झुडपांत राहणाऱ्या चिगर माईट या बारीक किड्याची अळी चावली की तो माणसाच्या शरीरात शिरतो. ही अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची, डोळ्यांना दिसणं जवळपास अशक्य. ती चावते तेही कळत नाही. काख, जांघ, छातीखाली, कमरेला, जिथे कपडा घट्ट बसतो आणि घाम साचतो तिथे चाव्याची ही खपली बहुधा सापडते. प्रत्येक रुग्णाला खपली येतेच असं नाही. म्हणून ती नसली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. विदर्भात या आजाराचं नाव घरोघरी पोचलं ते २०१८ च्या पावसाळ्यात, नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतून रुग्णांच्या आणि मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा. वेळेवर ओळखला तर उपचार साधा आणि स्वस्त आहे: डॉक्सिसायक्लिन. ताईंना १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस दिली. दोन दिवसांत ताप उतरला. नंतर आलेल्या आयजीएम एलायझाच्या (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीच्या) रिपोर्टने निदानावर शिक्कामोर्तब केलं.

सुट्टीच्या कागदावर लिहिलं होतं: ताप नाही, प्रकृती स्थिर, एक आठवडा आराम.

कापणीपासून

आराम आठवड्याचा झाला, मग पंधरवड्याचा. नोव्हेंबरात धान कापणीला आला तेव्हा ताईंना वाटलं, अंगाला काम लागलं की सगळं ताळ्यावर येईल. विळा घेऊन त्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) उतरल्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापणी केली. थकल्या, पण कापणीला कोण थकत नाही? दुसऱ्या दिवशी अंग जड होतं, तरी गेल्या. तिसऱ्या दिवशी खाटेवरून उठता येईना. ताप नव्हता. हातपाय जणू दुसऱ्याचे, डोकं भणभणलेलं, उजेड नको, कुणाचं बोलणं नको. हे चार दिवस चाललं. मग थोडं बरं वाटलं, पुन्हा कामाला गेल्या, पुन्हा तेच.

आमच्या भागात रोवणी-कापणीची कामं बायकांची टोळी गुत्त्याने घेते. अमुक बांध्या अमुक पैशांत, आणि पैसे सगळ्यांत सारखे वाटायचे. त्यामुळे ओळीत एक बाई मागे पडली तर तिचा वाटा बाकीच्यांच्या कमरेवर येतो. ताई दोनदा मध्येच धुऱ्यावर जाऊन बसल्या. टोळीतल्या बायका वाईट नव्हत्या. काहींनी त्यांच्या वाट्याचं कापूनही दिलं. तिसऱ्यांदा मात्र त्यांना कुणी हाक मारली नाही. गावात हाक न येणं म्हणजे काय, ते मजुरी करणाऱ्या बाईलाच कळतं.

घरात वेगळंच सुरू झालं. सासूबाईंचं म्हणणं, दवाखान्यात आठ दिवस खाटेवर राहिली, तिथून बसायची सवय लागली. नवऱ्याने तसं म्हटलं नाही. तो बिचारा त्यांना महिन्या-दोन महिन्यांनी मोटारसायकलवर बसवून तालुक्याला नेई आणि ताकदीचं सलाईन लावून आणे. सलाईन लागलं की एक दिवस बरं वाटे. दिवसभर पडून राहिल्यावर, कुणी पाणी आण म्हणत नाही, चूल पेटव म्हणत नाही, अशा दिवशी बरं वाटणारच. पण श्रेय बाटलीला गेलं आणि धानाचे पैसे तिकडे गेले.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या मार्चच्या शेवटी, मोहफुलं पडायला लागल्यावर. सोबत पिशवीत कागद होते. मी ते सगळे तारखेने लावले. ताप, प्लेटलेट, एन्झाइम्स, एक्स-रे, कॅल्शियमच्या गोळ्या, जीवनसत्त्वांच्या सुया. त्यांना कापणी करता आली नाही, बचत गटाचा हिशेब जमत नाही, पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन घरापर्यंत येता येत नाही, हे एकाही कागदावर नव्हतं. तपासणीचा आकडा कागदावर उतरतो आणि पुढच्या डॉक्टरापर्यंत जातो. बाईने तोंडाने सांगितलेलं तिथेच हवेत विरतं. या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

विचारलं काय, सापडलं काय

थकव्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा विचारते, दिवसभरात काय बंद झालं? थकवा किती आहे, याचं उत्तर कुणालाच नीट देता येत नाही. काय बंद झालं, हे मात्र बरोबर सांगता येतं. ताईंनी सांगितलं: गुंड बंद, आता स्टीलची छोटी बालटी. सरपण आणणं बंद. भाकरी बसून थापतात, पण सगळ्यांच्या एका दमात होत नाहीत. गटाचं रजिस्टर त्यांच्याकडे होतं, ते त्यांनी बरोबर आणलं होतं. पोळ्याच्या आधीच्या पानांवर बेरजा सरळ, अक्षर गोल. डिसेंबरनंतरच्या पानांवर खाडाखोड. एका पानावर एकाच बाईची वर्गणी दोनदा जमा, खाली बेरीज तीनदा खोडून पुन्हा लिहिलेली. “आकडे पायते, पन डोक्यात जातच नाही,” त्या म्हणाल्या. ते रजिस्टर माझ्या दृष्टीने कुठल्याही रिपोर्टइतकं मोलाचं होतं.

दुसरा प्रश्न कामानंतरचा. जास्त वाईट कधी वाटतं, काम केलं त्याच दिवशी की नंतर? ॲनिमिया असलेली बाई चढ चढताना धापा टाकते, बसली की सावरते. हृदयाच्या दुखण्यातही श्रमाच्या वेळीच त्रास होतो. ताईंना खरा फटका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसत होता आणि तो कामाच्या मानाने कितीतरी मोठा होता. श्रमानंतर उशिराने येणारं हे कोसळणं संसर्गानंतरच्या दीर्घ थकव्याची सगळ्यात ठळक ओळख आहे. त्याच्या जोडीला झोपूनही ताजंतवानं न वाटणं, डोक्याचा गोंधळ आणि उभं राहिल्यावर त्रास. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली क्रॉनिक फटीग सिंड्रोमसाठी जे निकष मांडले, त्यांत हीच लक्षणं आहेत, आणि सहा महिन्यांची अट आहे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. विचारायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि शंभर-सव्वाशे पेशंटच्या ओपीडीत तीच काढणं सगळ्यात कठीण.

उभं राहिल्यावरचा त्रास मोजता येतो. ताईंना पाच मिनिटं आडवं झोपवलं, नाडी ७६. मग भिंतीला पाठ टेकवून दहा मिनिटं उभं केलं. रक्तदाब फारसा हलला नाही. नाडी वाढत वाढत १०२ वर गेली, आणि सातव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, चक्कर येते, डोकं हलकं झालं. नाडी ३० ने किंवा त्याहून अधिक वाढली असती तर तिला वेगळं नाव दिलं असतं. इथे वाढ २६ ची होती. नाव बसो न बसो, चुलीपुढे उभं राहून स्वयंपाक का होत नाही याचं उत्तर सासूबाईंच्या डोळ्यांदेखत मिळालं. त्या तपासणीच्या वेळी खोलीतच होत्या.

थकव्याची दुसरी कारणं शोधल्याशिवाय असं निदान करू नये, हे मी ठासून सांगते. आपल्या भागात तर मुळीच नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, क्षयरोग आहे, बाळंतपणांनी आणि पाळीने रिकामी झालेली हिमोग्लोबिनची पातळी आहे. सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली. छातीचा एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, वजन घटलेलं नाही. थायरॉइड, साखर, किडनी, लिव्हर, बी-१२, एचआयव्ही, ईसीजी, सगळं ठीक. फवारणीच्या औषधाशी संपर्क आला का, तेही विचारलं, आला नव्हता. हिमोग्लोबिन १०.२ निघालं. नैराश्याची प्रश्नावलीही भरून घेतली. झोप आणि थकव्याच्या प्रश्नांवर गुण पडले, पण कशात मन लागत नाही का, या प्रश्नावर त्या जवळजवळ चिडून म्हणाल्या, “मन होते मॅडम, आंगच होत नाही.” मोह वेचायला जावंसं वाटतं, टोळीत बसून बोलावंसं वाटतं, पण शरीर साथ देत नाही. नैराश्यात बहुतेक वेळा आधी इच्छाच मरते. दोन्ही एकत्रही असू शकतं, म्हणून तो प्रश्न दर भेटीत पुन्हा विचारत राहिले.

लोहाच्या गोळ्यांनी काय शिकवलं

हिमोग्लोबिन १०.२ ला थकवा येऊ शकतो. कुणी म्हणेल, सापडलं की कारण. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, जंतनाशक दिलं, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हे समजावलं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झालं. चढावरची धाप कमी झाली, हे ताईंनी स्वतःच सांगितलं. पण काम केल्यावर तिसऱ्या दिवशी कोसळणं जसंच्या तसं राहिलं.

ॲनिमिया खरा होता आणि त्यावर उपचार हवेच होते. तरी तो सगळ्या थकव्याचा मालक नव्हता. आपल्याकडे बहुतेक बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं, त्यामुळे ‘रक्त कमी आहे’ या एका वाक्यात कुठलाही थकवा बसवून टाकता येतो आणि पुढचा शोध तिथेच थांबतो. रक्त वाढल्यावर थकव्याबद्दल पुन्हा विचारलं तरच हे उघडं पडतं.

पुण्याहून आलेला प्रश्न

एप्रिलमध्ये ताईंच्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. तो कंपनीत नोकरी करतो. इंटरनेटवर त्याने लाइम डिसीजबद्दल वाचलं होतं आणि मामीची सगळी लक्षणं त्यात जुळत होती. घरी शेळ्या आहेत, शेळ्यांना गोचीड असतात, लाइम गोचिडांपासूनच होतो. पुण्या-मुंबईकडच्या लॅबमध्ये रक्त पाठवायचं का, महिना-दोन महिने अँटिबायोटिक द्यायचं का, असं त्याने विचारलं. मुलगा काळजीपोटी विचारत होता आणि त्याचं वाचन चांगलं होतं. त्याला जे सांगितलं ते इथे देते, कारण हा प्रश्न आता आणखी घरांतून येणार आहे.

लाइम हा बोरेलिया जिवाणूचा आजार. तो पसरवणारी गोचीड इक्सोडिस जातीची. उत्तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या थंड, दमट जंगलांत तिचा मुक्काम. आजाराला नाव मिळालं ते अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या लाइम गावावरून. १९७५ च्या सुमारास तिथल्या मुलांमध्ये सांधे सुजण्याचं प्रमाण फार वाढलं. पॉली मरे या तिथल्या आईने आपल्या घरातल्या आणि शेजारपाजारच्या दुखण्यांच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या होत्या. डॉक्टर तिला मनावर घेत नव्हते. त्या नोंदींसह तिने आरोग्य खात्याला गाठलं तेव्हा तपास सुरू झाला, आणि १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांचा जिवाणूचा शोध प्रसिद्ध झाला. एका गृहिणीच्या वहीतून हा आजार वैद्यकशास्त्राला दिसला, याचं मला फार मोल वाटतं.

लाइमवर वेळेत दिलेलं अँटिबायोटिक बहुतेकांना बरं करतं. पण उपचार पूर्ण झाल्यावरही १०० पैकी ५ ते १० जणांना थकवा, अंगदुखी आणि विचारांचा गोंधळ महिनोन्‌महिने राहतो. तिकडेही अशा लोकांना ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ असं सांगून घरी पाठवलं जाई. जिवाणू लपून बसला असेल या समजुतीने काहींना महिनोन्‌महिने अँटिबायोटिक दिलं गेलं. ते नीट तपासून पाहिलं गेलं आहे. अमेरिकेतल्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ९० दिवसांचं अँटिबायोटिक प्लासिबोपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी दिलेल्या औषधी गुण नसलेल्या डोसापेक्षा, सरस ठरलं नाही. नेदरलँड्समधल्या २०१६ च्या चाचणीतही दोन आठवड्यांच्या उपचारानंतर आणखी १२ आठवडे दिलेल्या गोळ्यांनी जास्तीचा फायदा दिला नाही. शिरेतल्या नळीचा संसर्ग, जुलाब, ॲलर्जी हे तोटे मात्र झाले.

म्हणून भाच्याला म्हटलं, मामीच्या तापाचं कारण आपल्या हातात आहे. काळी खपली होती, एलायझा पॉझिटिव्ह होती, डॉक्सिसायक्लिनने दोन दिवसांत ताप उतरला. भंडाऱ्याबाहेर पाऊल न टाकलेल्या बाईची लाइमसाठी तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर ती खोटी पॉझिटिव्ह असण्याचीच शक्यता अधिक. कारण ती तपासणी प्रतिपिंडांची आहे आणि दुसऱ्या संसर्गांतही ती फसते. मग त्या कागदाच्या जोरावर कुणीतरी महिनोन्‌महिने सलाईनमधून अँटिबायोटिक चालवेल. लाइमच्या रुग्णांकडून आपण घ्यायचं ते वेगळं आहे: जिवाणू गेला तरी थकवा खरा असू शकतो.

हे फक्त लाइमपुरतं नाही. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या ग्रामीण भागात डॉक्टरांनी तीन अगदी वेगळ्या आजारांचे २५३ रुग्ण सुरुवातीपासून पाहिले. एक ग्रंथिज्वर, दुसरा क्यू फीवर, तिसरा रॉस रिव्हर विषाणूचा ताप. हा तिसरा विषाणू आपल्या चिकनगुनियाचा भाऊबंद. सहा महिन्यांनी २९ जण, म्हणजे सुमारे १२ टक्के, थकवा, दुखणं आणि विचारांच्या गोंधळाने अजून आजारी होते. जंतू तीन, पण मागे राहिलेलं दुखणं एकसारखं. आणि कुणाला ते होईल हे मुख्यतः मूळ आजार किती तीव्र होता त्यावर ठरलं. माणसाच्या स्वभावावर किंवा मनःस्थितीवर नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी सासूबाईंना झाडीबोलीत सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग हे कवा जाते?” त्याचं नेमकं उत्तर त्या अभ्यासातही नाही. पुष्कळांचा त्रास काळाने कमी होतो, काहींचा राहतो, एवढंच खरं.

कॅलेंडर

यावर नेमकं औषध नाही. आहे ती कामाची आखणी. इंग्लंडच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत, अशा रुग्णांना ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. थकवा यायच्या आत थांबणं आणि अंगाला झेपेल तेवढ्यातच दिवस बसवणं, यावर आता भर आहे. शहरातल्या नोकरदाराला हे सांगणं वेगळं. धानाच्या पट्ट्यातल्या मजूर बाईला ‘झेपेल तेवढंच करा’ म्हणायचं तर आधी तिचं काम ओळखावं लागतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ताईंनी रोज दोन खुणा करायच्या ठरल्या. त्या दिवशी जड काम कोणतं केलं त्याचं एक अक्षर: पाण्यासाठी पा, मोहासाठी मो, सरपणासाठी स. आणि दिवस कसा गेला: बरा तर गोल, वाईट तर फुली. महिन्याने ते पान घेऊन त्या आल्या. दोन अक्षरं एका दिवशी आली की फुली पुढच्या दिवशी नसे, त्याच्या पुढच्या चौकोनात असे. पाच ठिकाणी तेच. नवरा शेजारी बसून पाहत होता. त्याने बोट ठेवून फुल्या मोजल्या आणि म्हणाला, “म्हनजे बाजाराच्या दिवशी पानीबी हिनंच आनलं, त्याचं हे?” त्या दिवसापासून पाणी तो आणतो. गावात बायकांच्या हँडपंपावर पुरुषाने गुंड भरायला उभं राहणं सोपं नसतं, तो राहिला.

मग एकेक काम मोडून बसवलं. मोह पहाटे पडतो आणि बसून वेचता येतो. एका झाडाखालचा वेचून झाला की आडवं होऊन विसावा, मग दुसरं झाड. मेमध्ये तेंदूपत्ता आला. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं, ते नवरा आणि मुलीने केलं. ताई घरी सावलीत बसून पुडके बांधायच्या. एका पुडक्यात ७० पानं, आणि मोजताना मध्येच आकडा हरवायचा. त्यावर त्यांनीच तोड काढली: दहा-दहाच्या सात थप्प्या आधी लावून घ्यायच्या. उभं राहण्याच्या त्रासासाठी मीठ घातलेलं ताक, भरपूर पाणी, झोपेतून एकदम न उठणं, भाकरी खाली बसूनच. रोजगार हमीच्या कामावर मेटशी (मजुरांच्या मुकादमाशी) बोलून त्यांना मजुरांना पाणी पाजण्याचं काम मिळालं. मजुरी तीच, खोदकाम नाही. ताकदीचं सलाईन पूर्ण थांबवलं.

एक गोष्ट मी त्यांना लेखी दिली. निदान मराठीत: संसर्गानंतरचा दीर्घ थकवा, स्क्रब टायफसनंतर. खाली कोणती कामं करता येतात, कोणती नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत (आयसीडी-१०) असा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत बसतो, जी ९३.३ या क्रमांकाखाली, तोही लिहिला. तो कागद ताईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गटाच्या रजिस्टरात ठेवला आहे. टोळीच्या मुकादमबाईंना त्यांनी तो वाचून दाखवला.

जुलैत रोवणीला मात्र चूक झाली, म्हणजे मोह आवरला नाही. टोळीने पुन्हा हाक मारली, त्या आनंदाने गेल्या आणि पऱ्हे (धानाची रोपं) खणायचं बसकाम सोडून ओळीत वाकून उभ्या राहिल्या. दोन दिवस रोवणी केली, पुढचे नऊ दिवस कॅलेंडरवर फुल्या. त्या खजील होऊन आल्या होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं की इतक्या महिन्यांनी टोळीने हाक मारल्यावर कुणीही गेलं असतं. पुढच्या वेळी पऱ्ह्यांचंच काम घ्यायचं, हे टोळीशी आधी बोलून ठेवलं आहे.

आज

तापाला १४ महिने झाले. ताई आता दिवसाला साधारण तीन-चार तास हलकं काम करतात, मध्ये विसावे घेऊन. फुल्या महिन्याला चार-पाच येतात. सुरुवातीला त्या निम्म्याहून जास्त असत. डोकं पुष्कळ सुधारलं आहे, रजिस्टर पुन्हा त्यांच्याकडे आलं आहे, शेवटच्या बेरजा मुलगी तपासते. कापणी यंदाही करता आली नाही. दीड एकरासाठी मजूर लावावे लागले आणि त्याचे पैसे गटाच्या कर्जातून गेले. हे नुकसान कुठल्याही योजनेत बसत नाही. साप चावला, वीज पडली तर अर्ज करायला जागा आहे. ताप बरा झाल्यावर वर्षभर मजुरी बुडाली त्याला नाही.

आमच्याकडे या प्रकरणानंतर एक बदल केला. स्क्रब टायफस, चिकनगुनिया किंवा डेंग्यूचा रुग्ण सुट्टी घेऊन गेला की सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी आशाताई त्याच्या घरी दोन प्रश्न विचारतात. आजाराआधी करत होता ते कोणतं काम अजून सुरू झालेलं नाही? आणि काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं वाटतं? उत्तर जसं दिलं तसं, त्यांच्याच बोलीत, वहीत लिहायचं. पहिल्या वहीत ताईंच्या शेजारच्या गावातला एक गुराखी आहे. त्याला ऑगस्टमध्ये स्क्रब टायफस झाला होता. त्याच्या नावापुढे लिहिलं आहे: “ढोरं घेऊन जाते, पन तिसऱ्या दिवशी पोराले पाठवा लागते.” त्याला पुढच्या मंगळवारी ओपीडीत बोलावलं आहे.